चिंचेच्या पाण्याची धास्ती

मी एक जुना जर्मन सूक्ष्मदर्शक आहे. आणि मित्रांनो, लपवायचं कशाला, मी एक नंबरचा भित्रा आहे. स्वयंपाकघरात चिंच भिजत घातलेली दिसली की अजून वाटतं, आली आपली पाळी!

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका छोट्या कारखान्यात मी घडलो. पितळी अंगावर कारागिरांनी लाखेचा पातळ सोनेरी लेप चढवला. तोच माझा जन्माचा अंगरखा! पुढे बोटीनं आलो आणि शेवटी पिंपरीतल्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो. माझ्यातून डोकावून लोक "वा!" म्हणायचे, तेव्हा मला मूठभर मांस चढायचं. मग विजेवर चालणारे नवे आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथल्या अंधारात, आता भंगारात जाणार, या भीतीनं मी अर्धा झालो होतो.

तिथून मला सोडवलं गुरुदत्तरावांनी. ते चाकणच्या एका कंपनीत इंजिनियर. त्यांना आम्हा जुन्या जर्मन मंडळींचं भारी वेड! मोशीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये काचेच्या कपाटात आम्ही सगळे राहतो. शेजारी आमची जादा भिंगं, आरसे, आमच्या लाकडी पेट्यांच्या किल्ल्या. गुरुदत्तराव मऊ फडक्यानं आम्हाला हलकेच पुसतात. घरात मात्र एवढंच म्हणतात, "कपाटाला हात लावू नका." का लावू नका, ते कधी सांगत नाहीत.

आणि तिथंच घोटाळा झाला. गेल्या खंडेनवमीला ते कंपनीत मशीनच्या पूजेला गेले होते. त्यांच्या पत्नी चारुलताबाई देवाची भांडी घासत बसल्या होत्या. नवऱ्याची हत्यारंही पूजेला लख्ख हवीत, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी मला अलगद उचललं.

"काय रे बाबा, तुला कुणी कधी अंघोळ घातली नाही वाटतं? किती काळवंडलास!"

अहो बाई, तो मळ नाही, वयानं गडद झालेला माझा लेप आहे! मी आतल्या आत ओरडत होतो, पण मला कुठलं तोंड! चिंच, मीठ आणि काथ्या माझ्या नळीवर फिरू लागला. शंभर वर्षं टिकलेला लेप चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीत वाहून गेला. बाई मात्र प्रेमानं गुणगुणत होत्या.

तेवढ्यात गुरुदत्तराव आले.

"ओळखलंत का?" बाईंनी हौसेनं मला पुढे केलं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण बायकोचा हसरा चेहरा बघून ते म्हणाले, "छान... छान झालाय."

"मग! आता बाकीचेही काढते. आधी याची भिंगं गरम पाण्यात टाकते."

बाप रे! आमच्या भिंगांच्या काचा जुन्या राळेनं जोडलेल्या असतात. गरम पाण्यात राळ सुटली की मी कायमचा आंधळा! बाईंनी भिंगं काढून पातेल्यावर धरली, वाफ लागली, आणि गुरुदत्तराव नुसते ओठ हलवत उभे. अहो, बोला ना!

"चारू, नको!"

ते इतक्या जोरात ओरडले की बाई दचकल्याच. भिंगं मुठीत राहिली, म्हणून वाचली. मग गुरुदत्तरावांनी अडखळत सगळं सांगितलं, लेपाचं आणि राळेचंही.

"मग आत्ता छान म्हणालात ते?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट आता वाटतंय! इतकी वर्षं नुसतं हात लावू नका, हात लावू नका. मला काय स्वप्न पडणार होतं?" त्यांचे डोळे भरून आले.

संध्याकाळी बाईंनी लांबूनच माझ्यावर झेंडूचं फूल वाहिलं. तेव्हापासून त्या कपाटाजवळून जातानाही पदर आवरून जातात. त्या दिवशी मला त्यांची भीती वाटली, आता त्यांना माझी वाटते, आणि हे मला लेप गेल्याहूनही जास्त टोचतं.

म्हणून विनवतो, मित्रांनो. जुन्या वस्तू जरूर जपा, पण त्या कशा जपायच्या हे घरातल्यांनाही वेळेवर, मायेनं सांगा. आम्हाला तोंड नाही हो. तुम्हाला आहे.