कडूबाईची लाल बरणी

दुसरं महायुद्ध संपलं त्या साली खर्ड्याजवळच्या एका वाडीत, देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. जिचं पाणी लाल होईल ती डाकीण, असं सांगून मच्छिंद्रबुवाने प्रत्येक बाईच्या बरणीत आपल्या झोळीतलं मीठ आणि अंगारा पाण्यात घालून त्या उन्हात ठेवल्या होत्या. आज त्याने बरण्यांवरचं फडकं ओढलं आणि बायांनी किंकाळी फोडली. सगळ्यांच्या बरण्यांतलं मिठाचं पाणी जसंच्या तसं, आणि एकट्या कडूबाईचं लालभडक!

"बोला! मीठ खोटं बोलंल व्हय?" बुवा गरजला. "वाडीतली दोन लेकरं हिनंच खाल्ली. आईसायबानं रगात दावलं!"

याच बुवाला महिन्यापूर्वी कडूबाईने दारातून हुसकलं होतं. ते आता कुणाला आठवतंय?

गर्दीत शाळेचे दानीएल मास्तर उभे होते. हा लाल रंग त्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता. शाळेवर येण्याआधी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ते खाऱ्या तळ्यांतले नवे जंतू तपासत. कोणता किती खारात जगतो, कसला रंग धरतो, हे पाहून त्यांची कुळं लावत. गोड्या पाण्यात मरणारे आणि खारात फोफावून पाणी लाल करणारे जंतू त्यांनी डोळे फुटेस्तोवर पाहिले होते.

कडूबाईचा मुलगा सहादेव पुढे आला. वाटलं, आईला पाठीशी घालील. कसलं काय! "नीघ," तो म्हणाला. "माजं एक लेकरू गेलं. दुसरं तरी ऱ्हाऊ दे."

कुणीतरी दगड उचलला.

"थांबा!" मास्तर मध्ये घुसले. "पाटील, बुवाची झोळी ताब्यात घ्या. कडूबाईला दिलेलंच मीठ पुन्हा दोन बरण्यांत घालू. एक बुवाच्या नावाची, एक कडूबाईची. तोवर बाई माझ्या घरी राहील."

"तुमी किरिस्ताव. आमच्या देवीचं तुमाला काय कळतंय?"

"देवीचं नाही कळत. मिठाचं कळतं."

डोक्यावर खून नको म्हणून पाटील कबूल झाला. बुवाला चावडीत बसवलं. सगळ्यांदेखत मास्तरांनी कडूबाईच्या बरणीचं मीठ तव्यावर खरपूस भाजलं, बुवाच्या बरणीत कच्चंच घातलं, दोन्हींत बुवाचाच अंगारा टाकला आणि बरण्या फडक्याखाली काही आठवडे उन्हात ठेवल्या.

त्या दिवसांत सहादेवचं दुसरं लेकरू जुलाबाने गेलं. कडूबाई धावली, तर पोराने तिला उंबऱ्यावरून ढकललं. नातवाचं तोंडही पाहू दिलं नाही मेल्याने!

अखेर फडकं निघालं. कडूबाईचं पाणी स्वच्छ. बुवाचं लाल.

"आता बुवा, तुम्ही कुणाची लेकरं खाल्ली?" मास्तरांनी लाल बरणी उचलून धरली. "या मिठात जंतू असतात. अंगाऱ्यात सुक्या बोंबलाची पूड, ते त्यांचं खाणं. हुंगून बघा! बाकीच्यांना यानं भाजलेलं मीठ दिलं, जंतू मेलेलं. जिच्यावर डूख, तिला कच्चं."

पाटलाने अंगारा हुंगला आणि नाक मुरडलं. "बोंबीलच की!"

"मग लेकरं कशानं गेली?" एक बाई रडत म्हणाली.

"विहिरीच्या पाण्यानं. तिथंच गुरं धुता, तेच पिता. पाणी उकळा, विहिरीत औषध टाका, म्हणून घसा कोरडा केला मी. बाई माझ्या घरात होती तरी लेकरू गेलंच ना? तेव्हा तरी डोकं चालवायचं!"

सहादेव आईच्या पायांवर कोसळला. तिने पाय मागे घेतले.

"बरनी लाल झाली तवा डाकीन, आता आई व्हय? बरनीकडं काय बघितलंस? माज्याकडं बघायचं हुतंस." तिने डोळे पुसले. "सुनंलाबी जुलाब लागल्यात म्हंत्यात. ऊठ, आदी पानी उकळ."