वर्गाला दोन डोकी

शाळेचा नियम साधा होता: प्रगत जर्मनच्या वर्गात निदान दोन मुली हव्यात. त्यांना जर्मन यायला हवं, असं नियमात कुठेच नव्हतं.

एक होती मॉनिटर, ती कुणी शिकवलं नसतं तरी शिकली असती. दुसरी चिमणी. तिची मावशी जर्मन मुलखात नर्स. या विषयात पास झाली की चिमणीलाही तिथेच नर्सिंगला जागा मिळणार होती. पहिल्याच चाचणीत ती आपटली.

"बाई, मी साधं जर्मनच घेते. मावशी म्हणते, वर्षभराने आलीस तरी चालेल."

जर्मनबाईंनी मनात बेरीज-वजाबाकी केली. चिमणी उडाली की वर्ग बंद, वर्ग बंद की बाई घरी.

"खुळी का तू? छान जमतंय की!"

मग रोज तोंडी सराव. ठरलेले प्रश्न, ठरलेला क्रम. चिमणीने उत्तरं अशी घोटली की प्रश्न ऐकायचं कामच उरलं नाही.

"बाई, एकदा खालून वर विचारा ना," मॉनिटर म्हणाली.

"तू आपलं बघ गं, शहाणे!"

प्रगतिपुस्तकात 'उत्तम' आलं. चिमणीची आई कपडे शिवायची. तिने लेकीसाठी जाड लोकरी कोट शिवायला घेतला.

तोंडी परीक्षेला परीक्षक बाहेरचे. त्यांनी सुरुवातच मधून केली: नर्स का व्हायचंय?

"मी आईबरोबर राहते. आमच्याकडे मांजर आहे," चिमणी जर्मनमध्ये खणखणीत बोलली.

ते हसले. बरं, आई काय करते?

"सकाळी सहाला उठते, दात घासते."

मग ते हसायचे थांबले. चिमणी मात्र थांबली नाही. शेवटच्या उत्तरापर्यंत बोलत गेली.

निकालानंतर आई शाळेत आली. बाईंनी शिव्या ऐकायची तयारी ठेवली होती.

"बाई, तुम्ही वर्षभर शाबासकी दिलीत. माझीच पोर करंटी. जागाही गेली."

शिव्या परवडल्या असत्या. तेवढ्यात बाईंना आठवलं, मॉनिटर पास होऊन शाळेतून गेली, नव्या वर्षाला वर्गासाठी नाव एकच आलंय.

"पुन्हा बसवा तिला. माझ्याच वर्गात. पोरगी हुशार आहे हो!"

आईचे डोळे भरून आले. "देव भलं करो तुमचं. कोटाच्या बाह्यांना दुमड ठेवलीय मी, वर्षभराने सोडता येईल."

दाराशी उभी चिमणी ओठातल्या ओठात पुटपुटत होती. पहिल्या उत्तरापासून.