सरांचा पाय

संगीताच्या सरांनी धाकटीला समूहगीताच्या रांगेतून काढलं, तेही सगळ्या वर्गांसमोर. सर की-बोर्ड वाजवायचे, उजव्या पायानं लाकडी मंचावर दणदण ठेका द्यायचे आणि गाणं विस्कटलं की बोटं थांबवून विचारायचे, "कोण पळतंय?" त्या दिवशी त्यांना तालापुढे पळणारी सापडली.

"तू. तुझ्या अंगात तालच नाही. नुसते ओठ हलव म्हणणार होतो, पण तेही चुकीच्या वेळी हलवशील. खाली जाऊन बस."

मुली हसल्या. सरांना बरं वाटावं म्हणून हसल्या असतील, पण हसल्या. मधली सुट्टी होईतो धाकटीचं नाव 'बेताल' पडलंसुद्धा.

रडायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. घरी येऊन तिनं दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि दादाच्या पलंगावर फतकल मारली. "मी सूड घेणार आहे."

"घे की," दादा म्हणाला. "पण आधी माझ्या मोज्यांवरून ऊठ."

दादा कॉलेजात जायचा. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर संगीत बनवायचं एक सॉफ्टवेअर पडून होतं. त्यात ना सुरांच्या पट्ट्या होत्या ना कसली वाद्यं, नुसता कोरा पडदा. त्यावर डबे मांडायचे आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात वायर ओढायची. एक डबा ठोके देतो, एक सूर काढतो, एक आवाज कमी-जास्त करतो. डब्यात काय लिहायचं आणि वायर कुठून कुठे न्यायची, एवढंच काय ते शिकायचं.

"यानं सूड कसा घेणार?" दादानं विचारलं.

"त्यांच्यापेक्षा भारी गाणं बनवून. त्यांनी पायाशी येऊन मागितलं तरी देणार नाही असं."

पहिल्या दुपारी गाणं सोडाच, चूंसुद्धा निघालं नाही. बटणाच्या डब्यावर टिचकी मारावी तर डबा माऊसला चिकटून पडदाभर हिंडायचा. मांडणी करायची अवस्था वेगळी आणि वाजवायची वेगळी, हे तिला कळलं तोवर सहा-सात डबे हिंडून आले होते. कळल्यावरही शांतताच. शेवटी दादा तिच्या खांद्यावरून वाकला.

"मुख्य आवाज चालू केलायस?"

केला नव्हता. तिनं तो चालू केला. आवाज कमी करणारा डबा मध्ये घालायचा असतो हे मात्र दोघांनाही आठवलं नाही. खोलीत अशी काही किंकाळी फुटली की आई पळी हातात घेऊनच धावत आली.

"काय चिरताय रे त्या मशीनमध्ये?"

"सरांना," धाकटी म्हणाली.

पुढचे काही दिवस तिला दुसरं काही सुचेना. गणिताच्या तासाला डोक्यात वायरी, जेवताना ताटात डबे. ठोके देणारा डबा जमला, मग त्याचा वेग बदलणारी सरकपट्टी जमली. मग एका संध्याकाळी तिला एक डबा सापडला, तो दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायचा. तिनं त्याला मायक्रोफोन जोडला. ठरावीक मर्यादेच्या वर आवाज गेला तरच तो ठोका धरायचा आणि मिनिटाला किती ठोके पडतात ते आकड्यात दाखवायचा.

तिनं लगेच स्वतःची परीक्षा घेतली. शाळेतलंच समूहगीत म्हणत टेबलावर हात मारू लागली. आकडा आला शहाण्णव. मग सत्त्याण्णव. पुन्हा शहाण्णव. गाणं संपलं तरी तिथंच.

म्हणजे पळणारी ती नव्हती. मग तिनं मैत्रिणीला फोन लावला. ही मैत्रीण इतकी बोलायची की सगळे तिला पोपट म्हणत, आणि एकटीनं म्हणायचं कडवं तिच्याकडेच होतं. तालमीचं रेकॉर्डिंग पोपटाच्या फोनमध्ये होतं. ते आलं, धाकटीनं मायक्रोफोनसमोर धरलं. त्यात सरांच्या पायाची दणदण सगळ्यांत ठसठशीत. शहाण्णव. एकशे दोन. एकशे नऊ. दुसरं कडवं संपेतो एकशे अठरा.

"दादा," ती हळूच म्हणाली, "पळतात ते सर. आमची ड्रमवाली नुसती त्यांच्या मागे धावते."

"मग दाखव त्यांना."

"एकट्यांना कशाला दाखवू?"

संधीही चालून आली. ड्रमवाली सायकलवरून पडली, हात प्लास्टरमध्ये. कार्यक्रम तोंडावर आलेला, ठेका द्यायला कुणी नाही. धाकटीच्या ठोके देणाऱ्या डब्यांबद्दल पोपटानं शाळाभर केलेली बडबड मुख्याध्यापिका बाईंच्या कानावर गेली होतीच. त्यांनी धाकटीला लॅपटॉपसकट बोलावलं, ऐकलं आणि सरांना सांगितलं, "ठेका ही देईल."

सरांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बघू. तिला नसला तरी संगणकाला ताल असेल."

"असतो, सर," धाकटी गोड हसून म्हणाली. "अजिबात पळत नाही तो."

"आणि ते डबे मागच्या मोठ्या पडद्यावर दिसू देत," बाई म्हणाल्या. "आपली मुलगी काय करते ते पालकांना कळू दे."

धाकटीनं बाईंच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी तिनं एक मायक्रोफोन सरांच्या खुर्चीपुढे, मंचाच्या फळीला चिकटपट्टीनं लावला. "हा कशाला?" सरांनी विचारलं. "तुमचा ठेका संगणकाला कळावा म्हणून," ती म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं. रांगेतल्या मुलींना तिनं पोपटाकरवी एकच निरोप धाडला होता: सरांकडे बघू नका, माझा ठोका ऐका.

पडदा उघडला. सरांची पाठ मोठ्या पडद्याकडे. पडद्यावर डबे, वायरी आणि मधोमध दोन मोठे आकडे. एकाखाली लिहिलेलं 'संगणक', दुसऱ्याखाली 'सरांचा पाय'.

सुरुवातीला दोन्हीकडे शहाण्णव. पहिलं कडवं सरेतो सरांचा पाय एकशे चारवर. पुढच्या ओळीत बसलेल्या एका बाबांनी शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. एकशे अकरा. मागून कुणीतरी बारक्या आवाजात आकडा वाचला, मग प्रेक्षकांची अख्खी ओळ वाचू लागली. मुली मात्र खिळ्यासारख्या शहाण्णववर. सर त्यांच्या पुढे निघून गेले, ओळ संपवून बसले आणि मुली अजून ओळीच्या मध्यात. हशा पिकला.

सवयीनं सरांचं बोट रांगेकडे उठलं. कुणावर रोखावं ते कळेना, कारण रांग तर एका सुरात, एका तालात गात होती. मग त्यांच्या लक्षात आलं की सभागृह त्यांच्याकडे बघतच नाहीये. त्यांनी मान वळवली. वाचलं. कान लाल झाले. पाय फळीवरून उचलला तो पुन्हा टेकवलाच नाही.

धाकटीला वाटलं होतं, इथं आपलं समाधान होईल. कसचं काय. सर आता चाचपडत तिच्या ठोक्यामागून वाजवत होते. तिनं सरकपट्टीवर बोट ठेवलं. वेग थोडा वाढवला. सर आले मागोमाग. थोडा कमी केला. सर थांबून, वाट बघून, पुन्हा मागे. पोपटाला मात्र तिनं धक्का लागू दिला नाही. तिच्या कडव्याला वेग पुन्हा शहाण्णववर आणून ठेवला. ते कडवं झाल्यावर सरांना आणखी दोन फेऱ्या मारून आणल्या.

टाळ्या दणकून पडल्या. सर मंचामागे आले तेव्हा मुली कुजबुजत उभ्या होत्या आणि धाकटी वायर गुंडाळत होती.

"शेवटी वेग तू बदलत होतीस?"

"हो."

"का?"

"तुम्ही येता का ते बघत होते."

सर काहीतरी तिखट बोलणार होते, पण त्यांनी ते गिळलं. "बरं. उद्यापासून ये रांगेत."

"रांगेत उभं राहायचं की नाही ते मी ठरवीन, सर. आधी यांना सांगा कोण पळत होतं ते."

मुली जवळ सरकल्या. पोपट सगळ्यांत पुढे. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"त्या दिवशी... चूक हिची नव्हती. मीच पळत होतो," ते शर्टाच्या बटणाशी बोलल्यासारखे म्हणाले.

धाकटीनं वायरची गुंडाळी दप्तरात टाकली. "मागच्या मुलींना ऐकू नाही आलं, सर."

सरांनी पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्यानं, आणि अजिबात घाई न करता.