पाकिटावरचं कुंकू

शामलाबाईंच्या बोटांना भस्माचा वास कायमचा लागला होता. फुलवात वळताना कापूस निसटू नये म्हणून चिमटीत थोडं भस्म घ्यायचं, ही त्यांच्या सासूबाईंची रीत. सावनेरकडचा रामाजी दर हंगामात सरकी काढलेला कापूस पोत्यात भरून आणून द्यायचा. शामलाबाई तो हातानेच मोकळा करायच्या, आणि मग तासन् तास नामस्मरणात ओठ हलत राहायचे, बोटं फिरत राहायची. पहाटे स्नान झालं की आधी देवाच्या वाती, मग तोंडात पाणी. मंगळवारी रात्रीच्या जेवणापर्यंत मौन. हे नेम इतके जुने होते की ते कधी धरले, हे त्यांनाही नीट आठवत नसे.

देवाच्या वाती बाजूला ठेवून दिवसभरात वळलेल्या बाकीच्या त्या विकत. विकत म्हणजे काय, तर नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या गल्लीतल्या बायका सणावारी मागून नेत, आणि दत्ताच्या देवळापाशी बसणारा फुलवाला काही ठेवून घेई. त्याला धंदा म्हणणं म्हणजे ओसरीतल्या तुळशीला बगिचा म्हणण्यासारखंच होतं.

पण त्या वर्षी त्या वातींवर त्यांचं घर अडून बसलं. मुलाची, पियूषची बदली पुण्याला झाली. दसऱ्यानंतर तो आणि सूनबाई रितिका जाणार, हे ठरलेलं. प्रश्न होता म्हाताऱ्यांचा.

"तुम्ही दोघं इथं करता काय, ते तर सांगा," पियूष जेवताना म्हणाला. "बाबा पेपर वाचतात, तू वाती वळते. दिवसभरात घरात तिसरं माणूस येत नाही. रात्री-बेरात्री कोणाले काही झालं तर? तुझ्याकडे चार माणसांचं येणंजाणं असतं तर गोष्ट वेगळी होती."

"मले काय," देवराव पोळीचा तुकडा मोडत म्हणाले, "पेपर तिकडंही येते."

पुण्याचा तो आठव्या मजल्यावरचा फ्लॅट शामलाबाईंनी फोनवर पाहिला होता. छान होता. पण तिथे देव भिंतीतल्या कप्प्यात बसणार होते, आणि आपण कुठे बसायचं, हे काही त्यांना दिसलं नव्हतं. रात्री समई शांत करताना त्या देवाला एवढंच म्हणाल्या, "मला इथून उठवू नकोस रे बाबा."

ते रितिकाने ऐकलं असावं. दुसऱ्याच दिवशी ती बँकेतून आली ती बेत घेऊन.

"आई, चार माणसं यायला हवीत ना? मग आपण आणू. श्रावणात आमच्या बँकेतल्या गार्गीच्या महिला मंडळाचा मंगळागौरीचा मोठा कार्यक्रम आहे. हॉलभर बायका येतात. आपण प्रत्येकीला फुलवातींचं एकेक पाकीट फुकट द्यायचं. वर नाव, फोन नंबर. घरी जाऊन लावतील, आवडेल, फोन करतील."

"फुकट दिलं म्हणजे दान झालं गं," शामलाबाई हळूच म्हणाल्या. "दान देऊन त्यावर आपलं नाव घालायचं? बरं नाही दिसत ते."

"आई, हे दान नाही. सॅम्पल आहे."

"देवाच्या वस्तूचं सॅम्पल?"

देवराव पेपरामागून म्हणाले, "अवं, शाम्पूवाले देऊन राहिले, मसालेवाले देऊन राहिले. तुझ्याच वाती काहून लाजतात?"

शेवटी त्या तयार झाल्या. दिवसरात्र बसून वाती वळल्या. रितिकाने छोटी पांढरी कागदी पाकिटं आणली, त्यावर 'शामला फुलवाती' असं निळ्या अक्षरांत छापून घेतलं आणि खाली बारीक आकड्यांत नंबर. पाकिटं भरून टोपल्यांत रचून ती झोपायला गेली, तेव्हा स्वतःवरच खूश होती.

कार्यक्रम मंगळवारी होता. रितिकाला सुट्टी नव्हती, ती बँकेतूनच परस्पर येणार होती. शामलाबाई रिक्षाने एकट्याच गेल्या. मंडळाच्या बायकांनी त्यांना दाराजवळ टेबल दिलं. एका बाजूला मसालेवाल्यांची पोरगी मोठ्याने माल सांगत होती, पलीकडे कोणीतरी चिठ्ठ्या काढून कुकर वाटत होतं. आणि मधे शामलाबाई, मौनात. येणाऱ्या बाईच्या कपाळाला कुंकू लावायच्या, पाकीट दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत द्यायच्या, आणि जिच्या ओंजळीत दिलं तिच्यातल्या देवीला नमस्कार करायच्या. ओठ आपले हलत होते. बायका क्षणभर थबकायच्या, पदर सावरायच्या, पाकीट कपाळाला लावून पुढे जायच्या. रितिका धावतपळत पोचली तोवर टोपल्या रिकाम्या झाल्या होत्या.

"सगळी गेली?" तिचे डोळे चमकले. "बघा आता, उद्यापासून फोन थांबणार नाही."

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्या आठवड्यातही नाही. पोळा झाला, गणपती बसले. एकदा घंटी वाजली तर तो गॅसवाला निघाला. रितिका फोन उलटासुलटा करून बघायची. पियूषने काही टोमणा मारला नाही, आणि तेच शामलाबाईंना जास्त लागलं. तो फक्त एका संध्याकाळी मोजपट्टी घेऊन कपाटाची उंची बघत होता, ट्रकात बसेल की नाही ते.

महालक्ष्म्या आल्या. गार्गीच्या घरचं दर्शनाचं बोलावणं होतं, म्हणून जेवणाच्या दिवशी संध्याकाळी सासू-सून तिच्याकडे गेल्या. दिवाणखाना बायकांनी भरलेला. ज्येष्ठा आणि कनिष्ठा जरीच्या साड्या नेसून उभ्या होत्या, पुढे फुलोरा, फराळाच्या राशी, धान्याचे ढीग, केवड्याचा वास. शामलाबाई वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

ज्येष्ठेच्या पायांशी, चांदीच्या तबकात, दूर्वा आणि शेवंतीच्या फुलांच्या मधे त्यांचं पाकीट ठेवलेलं होतं. न उघडलेलं.

त्यांना आधी वाटलं, नजर फिरली. मग त्यांनी निळी अक्षरं ओळखली. ज्या लक्ष्मीपुढे लोक सोनं ठेवतात, तिच्यापुढे आपल्या बोटांनी वळलेला कापूस. हे आपण मागितलं नव्हतं. मागायची छातीच झाली नसती.

"अगोबाई, तुम्हीच ना त्या?"

गार्गीची सासू, लतिकाबाई, समोर उभी होती. शामलाबाईंहून वयाने थोरली. आणि काही कळायच्या आत ती वाकून पाया पडायला लागली.

"हे काय करता ताई," शामलाबाई मागे सरकल्या.

"करू द्या वं. त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलल्या नाही. नुसतं कुंकू लावलं अन् प्रसाद ओंजळीत दिला. अंगावर काटा आला माझ्या. मले वाटलं, कोणत्या तरी संस्थानाच्या असतील. तेव्हापासून रोज पूजेत आहे ते. जाळायची हिंमत नाही झाली."

"माझ्याही देव्हाऱ्यात आहे," मागून एक बाई म्हणाली.

"अन् मी तर त्याले रोज साखरेचा निवद दाखवून राहिली," दुसरी म्हणाली.

रितिकाने सासूकडे पाहिलं. तिने खाली वाकून पाकीट नीट न्याहाळलं आणि सासूच्या कानाशी कुजबुजली, "आई, नंबर कुठे आहे?"

नंबर होता तिथे हळदीकुंकवाचा जाड ठिपका होता, वाळून घट्ट बसलेला. शामलाबाईंना त्या दिवसाची पहाट आठवली. घरात आलेली कुठलीही नवी वस्तू हळदीकुंकू लावल्याशिवाय उंबऱ्याबाहेर काढायची नाही, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून एकेक पाकीट देवापुढे धरून, करंगळीजवळचं बोट बुडवून, मोकळी जागा बघून ठिपका दिला होता. चष्मा न लावता. निळी अक्षरं दिसली ती त्यांनी टाळली. खालचे बारीक आकडे त्यांना दिसलेच नव्हते.

आता काय बोलायचं? रितिकाचा हात त्यांच्या कोपराशी आला होता, सांगा म्हणून. सांगितलं तर या बाईची इतक्या दिवसांची पूजा एका जाहिरातीची ठरत होती. नाही सांगितलं तर कपाट ट्रकात बसणारच होतं.

एवढ्यात कोणीतरी आरतीसाठी निरांजन पुढे केलं. आतली बाजारची वात दोनदा पेटवली, दोनदा चरचरून काळवंडली. तेलकट धूर देवीच्या मुखवट्यावर गेला.

शामलाबाईंना तो धूर सहन झाला नाही.

"ताई," त्या म्हणाल्या, आणि खोलीतल्या बायका ऐकायला पुढे झुकल्या, इतका आवाज बारीक होता. "ती वात आहे. तिला दिव्यात घाला."

"तुम्हीच घाला मग."

त्यांनी पाकीट फोडलं. एक फुलवात घेतली, तुपात बुडवून पाकळ्या बसवल्या, टोक वर काढलं आणि काडी लावली. ज्योत उठली ती बारीक, मग सरळ झाली, आणि तशीच उभी राहिली. पंखा चालू होता, तरी ती हलली नाही, की तिने धूर सोडला नाही. तिच्या उजेडात ज्येष्ठेच्या डोळ्यांत ओलसर काही चमकल्यासारखं वाटलं. एक लहान मूल रडायचं थांबून बघत राहिलं. शामलाबाईंनी आयुष्यभर वाती वळल्या होत्या, पण दुसऱ्याच्या घरी, इतक्या डोळ्यांसमोर आपली वात जळताना त्या प्रथमच पाहत होत्या. हे माझ्या हातून होतं, असं त्यांना वाटलं, आणि लगेच त्यांनी हात पदराखाली घेतले.

आरती झाल्यावर त्या लतिकाबाईंना म्हणाल्या, "मी कुठल्या संस्थानाची नाही. नंदनवनात राहते. ह्या मी घरी करते, आणि विकते. त्या दिवशी लोकांना माहीत व्हावं म्हणून वाटल्या. त्या दिवशी माझं मौन होतं. अन् नंबरावर कुंकू मीच लावलं."

लतिकाबाईंनी फोडलेलं पाकीट उचलून तो ठिपका जवळून पाहिला. मग खदखदून हसल्या.

"म्हणजे मी इतके दिवस तुमच्या फोन नंबराची पूजा करून राहिली?"

सगळ्या हसल्या. ती साखरेचा निवद दाखवणारी सगळ्यांत जास्त. शामलाबाईंच्या डोळ्यांतून मात्र पाणी आलं, आणि लतिकाबाईंनी ते बघून त्यांचा हात धरला. "काही चुकलं नाही वं. देवाच्याच कामाचं होतं, देवाजवळ राहिलं. आता उरलेल्या पण लावते. संपल्या की कुठं यायचं, ते सांगा."

दुसऱ्याच दिवशी दोघी-तिघी आल्या. मग त्यांच्या जावा, शेजारणी, कोणाची आई खाप्याहून आलेली. काहींच्या हातात ती जुनी पाकिटं होती, अजून न फोडलेली. त्यांना नव्या वाती तर हव्याच होत्या, पण पहिली वात शामलाबाईंनी आपल्या हाताने लावून द्यावी, असं त्यांचं म्हणणं. फोन कोणीच करत नव्हतं. सरळ येत होत्या, बसत होत्या. बसल्या बसल्या कापूस हातात घेत होत्या. देवराव पेपर घेऊन आधी पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेले, तिथून मागच्या पायरीवर.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी पियूष घरी आला तेव्हा दारात चपला काढायला जागा नव्हती. आत कापूस पसरलेला, बायकांच्या गप्पा, मधे आई. तिचं लक्षही नव्हतं. तो बराच वेळ दारात उभा राहिला. आईला त्याने असं कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी आपल्या घरी देव बसवला आहे आणि आपल्यालाच माहीत नव्हतं, असा त्याचा चेहरा झाला होता.

"काय पाहून राहिला?" देवराव मागच्या दाराकडून म्हणाले. "मले पण पेपर वाचायले जागा नाही आता."

"ते कपाट," पियूष रितिकाला हळूच म्हणाला, "इथंच राहू दे. कापूस ठेवायला लागेल तिला."