पारापुढून

तुळसाबाईची सून अर्पिता मोटारसायकलवरून पडली. पांढरकवड्याच्या दवाखान्यात जो भेटायला येई तो विचारी, "कशी पडली?" तुळसाबाई फणकाऱ्यानं सांगे, "पोराले ब्रेकर दिसलं नाई!"

ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. त्या सकाळी अर्पिता दोन्हीकडे पाय टाकून नवऱ्यामागे बसली होती, तेव्हा हीच तुळसाबाई अंगणातून कडाडली होती, "मानसावानी काय बसून राह्यली? पारावर मोठी मानसं हायेत, लोकं काय म्हनतीन?" अर्पिता मुकाट्यानं उतरली, ओढणी डोक्यावर घेतली आणि एका बाजूनं बसली. केळापूरजवळ गाडी उसळली, धरायला काही नव्हतं, ती हातावर आदळली.

प्लास्टर घालता घालता डॉक्टरीणबाई चिडून म्हणाल्या, "अशा एका बाजूनं बसलेल्या किती पोरी येतात! कोण बसवतं यांना असं?"

तुळसाबाईनं मान खाली घातली. त्यानंतर तिनं सुनेला स्वतःच्या हातानं भरवलं, तिची वेणी घातली, पण तिच्या नजरेला नजर काही दिली नाही.

सुट्टी झाली तेव्हा मुलानं गाडी दारात आणली. तुळसाबाई सुनेच्या कानाशी लागून म्हणाली, "दोन्हीकून पाय टाकून बस, माय."

अर्पितानं मोडका हात छातीशी धरला, दुसऱ्या हातानं ओढणी डोक्यावर ओढली आणि एका बाजूनं बसली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

"असू द्या, आई. पारापुढूनच जा लागते ना."