दोन खुर्च्यांमधलं अंतर

मित्रांनो, मी एक जुना रोपवे आहे. पायाला स्की बांधलेल्या माणसांना ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या एका बर्फाळ डोंगरावर चढवायचं, हेच माझं काम. माझी खुर्ची दोघांपुरती, गादी फाटकी, आणि वर पोचायला मला अकरा मिनिटं लागतात. शेजारच्या दरीतले नवे रोपवे चार मिनिटांत पोचवतात आणि वर बुडाखाली ऊबही देतात. ज्याला बूड शेकायचं असेल त्यानं खुशाल तिकडं जावं. मला गोड बोलायची सवय नाही.

ओबरकार गावातल्या माणसांनी गवताची कापणी अर्ध्यावर टाकून माझे खांब रोवले. सिमेंट खेचरांवरून वर गेलं, आणि खेचर जिथं अडलं तिथून पुढं माणसांच्या पाठीवरून. मला एकशेआठ खुर्च्या दिल्या. एक खुर्ची गेली की बारा सेकंदांनी दुसरी. हे अंतर लुइस नावाच्या गवंड्यानं ठरवलं. कागदावर नाही. तो वर उतारावर जाऊन एका खडकावर पाइप ओढत दिवसभर बसला आणि माणसं कशी उतरतात ते बघत राहिला.

त्या उताराला काळा दात म्हणतात. तो शिकाऊ माणसाचा नाहीच. इतका उभा की वरून बघितलं तर आपल्याच स्कीच्या टोकाखाली गावाचं चर्च दिसतं. मधोमध दोन खडक इतके जवळ येतात की दोन गाई शेजारीशेजारी जेमतेम जातील. तो गळा. तिथून एकेकानंच वळायचं. दुसरा रस्ता नाही.

खाली माझ्या फाटकावर बुर्गल असायची, अजूनही असते. साठी ओलांडलेली, हातात फावडं, तोंडात तिखट. वर तिचा धाकटा भाऊ गेबहार्ट, बचाव पथकाचा म्होरक्या. दोघांची एक पद्धत होती. गळ्यापाशी डझनापेक्षा जास्त माणसं खोळंबलेली दिसली की गेबहार्ट फोन दोनदा वाजवून ठेवायचा. बुर्गल लगेच पाच खुर्च्या रिकाम्या सोडायची. बस्स, एवढंच. पाच खुर्च्या म्हणजे एक मिनिट. तेवढ्यात गळा मोकळा व्हायचा.

रांगेतले पाहुणे ओरडायचे, "अहो बाई, रिकामी गेली की!"

"रिकामी कुठं? तुमचे गुडघे बसलेत तिच्यात," बुर्गल म्हणायची. "जपून पाठवलेत. संध्याकाळी धड परत मिळतील."

मग माझा कारभार बघायला डायरेक्टर वेंडेलिन प्रांट्ल आले. माणूस वाईट नव्हता. सकाळी सर्वांआधी यायचा, माझ्या चाकांना स्वतः हात लावून बघायचा. पण नाताळाच्या आठवड्यात खाली लागणारी चाळीस मिनिटांची रांग त्याच्या डोळ्यांत सलायची. गावाच्याही सलायची. प्रत्येक घरात पाहुणे उतरलेले, आणि प्रत्येक पाहुणा रात्री जेवताना एकच रडगाणं गायचा. शेवटी खानावळीत सभा भरली. वाफाळणाऱ्या सूपवरून सगळ्यांनी हात वर केले. मला दुप्पट ताकदीची मोटर आणि आणखी एकशेआठ खुर्च्या बसवायच्या ठरल्या. शिवाय एक नियम झाला, की एकही खुर्ची रिकामी सोडायची नाही.

गेबहार्ट सभेत उठून म्हणाला, "गळा काही दुप्पट होणार नाहीये."

"तू तर बसच्या रांगेतसुद्धा माणसं मोजतोस," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही मनात हसलो, खोटं कशाला सांगू? मला आता सहा सेकंदांनी खुर्ची सोडायची होती. मी फुगलो होतो.

पुढच्या वर्षी नाताळानंतर मी नव्या मोटरवर धावायला लागलो. दोन तासांत रांग गायब! खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. डायरेक्टरनं बुर्गलला गरम वाइन पाजली. सगळं गाव खाली उभं राहून रिकामं फाटक बघत होतं. मान वर करून उताराकडं बघितलं नाही कुणी. डोंगरात जन्मलेल्या माणसांनी!

तिसऱ्या दिवशी गळ्यातला मऊ बर्फ खरवडून खरवडून निघाला आणि खाली काचेसारखा थर उघडा पडला. वरची माणसं थबकायची, मागची येऊन त्यांना चिकटायची. गेबहार्टनं फोन दोनदा वाजवला. बुर्गलनं हात लांब करून खुर्ची अडवली.

"बुर्गलबाई, नियम," डायरेक्टर शेजारूनच म्हणाले.

तिनं हात मागं घेतला.

फोन पुन्हा दोनदा वाजला. पुन्हा वाजला. मग वाजायचा थांबला, कारण गेबहार्ट स्वतः गळ्यात जाऊन उभा राहिला होता. दोन्ही हात पसरून एकेकाला थांबवत होता, एकेकाला सोडत होता. वर एका पाहुण्याचा तोल गेला. तो पाठीवर घसरत आला आणि स्कीसकट गेबहार्टच्या मांडीवर आदळला.

पाहुणा उठला. गेबहार्ट उठला नाही.

बुर्गलच्या वायरलेसमध्ये त्याचा आवाज आला. "ताई, पाय गेला माझा. रक्त थांबत नाहीये. पथकाची पोरं जखमींची घसरगाडी घेऊन गळ्याच्या वर अडकलीत. लोक येतच राहतायत गं."

बुर्गलनं फाटक लोटलं आणि अडसर घातला.

डायरेक्टर धावले. "अहो, काय करताय? पथक आहे ना वर! ही रांग संपवायला मी दोन वर्षं घालवलीत!"

"रांग संपली नाही साहेब. ती वर गेलीय. तुम्ही बघितली नाहीत." आणि फोन उचलून तिनं वरच्या फाटकावरच्या माणसाला सांगितलं, "एकालाही उतारावर पाऊल टाकू देऊ नकोस. आलेल्यांना तसंच बसवून खाली पाठव. शिव्या दिल्या तर माझं नाव सांग."

मला थांबवलं असतं तर दोनशेवर माणसं वाऱ्यात लोंबकळत गारठली असती. म्हणून तिनं मला चालू ठेवलं, फक्त नवी माणसं चढू दिली नाहीत. मग एक मजा झाली. काळा दात उतरायला निघालेले शूरवीर खुर्चीत बसून, डोळे चुकवत, खाली आले. पण तिकडं उतार रिकामा होत गेला. गळ्यात कुणी उरलं नाही. घसरगाडी मधून सरकली, आणि वीस मिनिटांत गेबहार्ट बुर्गलच्या पायाशी होता, पांढराफटक.

"फोन ऐकलास ना?" त्यानं विचारलं.

"ऐकला रे. सगळे ऐकले." तिनं त्याची टोपी कानांवर ओढली.

गेबहार्ट वाचला. वसंतात खानावळीत परत सभा भरली आणि या वेळी डायरेक्टरच आधी उठले. "मी खालून बघत होतो," एवढंच बोलून बसले. नव्या एकशेआठ खुर्च्या निघाल्या. आज त्या घराघरांत सफरचंदाच्या झाडाखाली टांगल्यात, म्हातारे त्यात बसून डुलक्या काढतात. मला माझे बारा सेकंद परत मिळाले. नवं ते सगळं चांगलं असं समजून ज्यांनी चूक केली, त्यांनीच ती भर सभेत कबूल केली, नट-बोल्ट स्वतःच्या हातानं सोडवले. अशा माणसांचं मी काय देणं लागतो ते मलाच ठाऊक. मला भंगारात घालणं किती सोपं होतं!

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्राला वेळेवर वंगण द्या, हे तर सांगतोच. पण त्याहून एक मागणं आहे. कुठं रांग दिसली की ती हटवायच्या आधी ती पुढं कुठं जाते ते जाऊन बघा. आणि आपली पाळी येईपर्यंत उभं राहायला लाजू नका. पुढं कुणीतरी अजून उतरत असतं.

पुढच्या हिवाळ्यात गेबहार्ट लंगडत फाटकावर आला. खांद्यावर स्की.

"एकदाच," तो म्हणाला.

बुर्गलनं त्याला खुर्चीत बसवलं आणि मागं फाटक लावलं. दोनशे माणसं रांगेत उभी होती. "माझा भाऊ आहे. हळू उतरेल," ती म्हणाली. माना वर करून सगळे बघत राहिले. गळ्यात तो थांबला, बराच वेळ थांबला, मग वळला. सहा मिनिटांच्या उताराला त्याला पंचवीस लागली.

खाली येऊन त्यानं रांगेकडं बघून हात हलवला.

"बर्फ मऊ आहे," तो म्हणाला. "या एकेक करून."