भात्याच्या दोन टोकांना

भूपेंद्रने डोक्यावरचं काळं कापड बाजूला भिरकावलं आणि कॅमेऱ्यामागून बाहेर आला.

"झालं. फिल्म लाव."

जिजाने फिल्मची चौकट छातीशी धरली, पण लावली नाही. मागे लाकडी पेटी, पुढे कातडी भाता आणि भात्याच्या टोकाला लेन्स, असा तो कॅमेरा होता. लेन्स लांब पल्ल्याची, म्हणून भाता हातभराहून जास्त ताणावा लागे आणि मागच्या काचेवर चित्र पाहणाऱ्याचा हात पुढच्या लेन्सपर्यंत पोचतच नसे. त्यामुळे लग्नापासूनचा रिवाज असा की मागे भूपेंद्र पाहणार आणि पुढे जिजा तो सांगेल तशी लेन्स सरकवून बटण दाबणार. नाव अर्थातच मागच्याचं. असा कॅमेरा चालवणारा अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा माणूस नाही, हे तो लाखनीच्या आपल्या स्टुडिओत येईल त्याला ऐकवी, आणि ऐकवताना त्याची छातीही भात्यासारखी ताणली जाई.

आज कॅमेरा आंधळगावच्या तलावाच्या पाळीवर उभा होता. दूर कमरेएवढ्या पाण्यात एका खुंटाशेजारी जिजाचे वडील मुरारी जाळं सावरत होते. मासेमार सोसायटीच्या नव्या हॉलमध्ये भिंतभर त्यांचा फोटो लागणार होता. म्हातारा मात्र काठावर यायला तयार नव्हता. "खुर्चीवर बसून फोटो काढाले मी का नवरदेव हाव? काढाचा असन तं कामात काढा," असं त्याने सोसायटीचे अध्यक्ष कृष्णराव यांना सुनावलं होतं. म्हणून ही लांबची लेन्स.

परवा काढलेला फोटो वाया गेला होता. मुरारी धूसर आले होते. वाऱ्याने भाता हलला, असं भूपेंद्रने कृष्णरावांना सांगून टाकलं. आता एकच फिल्म उरली होती, आणि फोटो मोठा करायला ती आजच नागपूरला पोचवायची होती.

"परवाची फिल्म मी बी पाह्यली," जिजा हळूच म्हणाली. कृष्णराव चार पावलांवरच उभे होते. "वाऱ्यानं हालली असती तं सारंच हाललं असतं. पलीकडच्या मोहाची पानं मोजून घ्या, एवढी साफ आली. बाबाच तेवढे धुक्यात."

"मंग?"

"मंग काय! तुमचे डोळे दाखवाले जाऊ भंडाऱ्याले. पन आज मले पाहू द्या."

भूपेंद्र असा काही भडकला की विचारू नका. भडकला, पण आवाज दाबून.

"तू पाह्यशीन? काचेवर सारं उलटं दिसते, मालूम हाय ना? डोकं खाली, पाय वर!"

"तलावाकाठी वाढली मी. पान्यात उलटंच पाह्यलं लहानपनापासून."

"लोक काय म्हनतीन?"

"भिंत रिकामी राह्यली तं काय म्हनतीन?"

त्याने एकदा तलावाकडे पाहिलं, डोळे बारीक केले, चोळले, पुन्हा पाहिलं. मग काचेवरचं चित्र तपासायचं गळ्यातलं भिंग काढून तिच्या हातावर ठेवलं. त्या भिंगाला तो कुणाला हात लावू देत नसे.

जिजा कापडाखाली गेली. पुढच्या टोकाला प्रथमच भूपेंद्र उभा होता, आणि आतून हुकूम येत होते.

"पुढं घ्या. अजून. अवो, हळू! जरासं मांगं. बस्स! आता हात नोका लावू."

खुंट काचेवर लख्ख उतरला होता. तिने चौकट बसवली, फिल्मवरची झाकणाची पट्टी ओढली. आता काचेवर काही दिसणार नव्हतं. ती कॅमेऱ्याशेजारी उभी राहून बापाकडे बघू लागली. वारा सुटला तसा भूपेंद्रने एका हाताने छत्री उघडून भात्याला आडोसा केला.

"हाक मारू का मामाजीले? थांबा म्हनून?"

"नोका मारू. जाळं फेकलं का दोरी धरून आपसूकच थांबतेत ते. आत मासा हाय का नाई, हे हाताले समजतपावतर."

जाळं हवेत उघडलं आणि पाण्यावर पसरलं. मुरारी दोरी मुठीत धरून मान कलती करून उभे राहिले. जिजाने श्वास रोखला.

"आता!"

भूपेंद्रने बटण दाबलं.

रविवारी हॉलमध्ये माणूस मावत नव्हता. भिंतभर मुरारी उभे होते. मुठीवरची शीर दिसत होती, दोरीवरचे थेंब दिसत होते, आणि मागचे मोह नुसते हिरवट होऊन विरून गेले होते. लोकांनी आग्रह करून म्हाताऱ्याला माइकपुढे ओढलं.

"माह्या जावयानं काढला," मुरारी मोठ्या तोऱ्यात म्हणाले. "जिल्ह्यात असा दुसरा मानूस नाई!"

टाळ्या पडल्या. हेच वाक्य भूपेंद्र जन्मभर स्वतःच बोलत आला होता. आज ते ऐकून त्याला मान वर करवेना. टाळ्या थांबल्यावर तो उठला.

"मामाजी, जावयानं नाई, पोरीनं काढला. मी पुढं छत्री धरून होतो."

लोक हसले. जावई थट्टा करतोय असंच त्यांना वाटलं. कृष्णराव हसतच जिजाकडे वळले.

"का जिजाबाई, खरं हाय का हे?"

'छे, यायनंच काढला,' हे नेहमीचं उत्तर तिच्या ओठांवर तयारच होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता, आणि त्याची छाती आज कधी नव्हे इतकी ताणलेली होती.

"हो," ती म्हणाली. "मीच काढला."

हसू थांबलं. मुरारी भिंतीजवळ गेले. आपलाच फोटो त्यांनी वरपासून खालपर्यंत निरखून पाहिला, मग पोरीकडे पाहिलं. खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसून ते परत आले.

"कृष्णराव, तो माइक आना इकडं. माह्यं चुकलं. पुन्हा सांगतो."